हरवलेली पत्नी आणि न हरवणारा सातबारा

पत्नी एके सकाळी नाहीशी होते. घरात झटापटीच्या खुणा सापडतात, शेजारीपाजारी कुजबुजू लागतात, पोलिसांचा संशय पतीकडे वळतो. आणि मग निम्म्या वाटेवर लेखक पडदा सरकवून दाखवितो की, नाहीशी झालेली पत्नी सुखरूप असून पतीला फासावर चढविण्याचा सारा डाव तिनेच रचलेला आहे. गिलियन फ्लिन या अमेरिकन लेखिकेच्या २०१२ मधील ‘गॉन गर्ल’ या कादंबरीने आणि तिच्यावरून डेव्हिड फिंचर यांनी २०१४ मध्ये काढलेल्या चित्रपटाने ही चौकट जगभर रूढ केली. तेव्हापासून या घाटाच्या कथांना तोटा राहिलेला नाही. रहस्यकथा वाचण्यासाठी पूर्वी वाचनालयाची वर्गणी भरावी लागे. आता ती खिशातल्या फोनवर न मागता येऊन पडते, आणि पावससारख्या गावातही जेवणे आटोपल्यावर हीच हरवलेली पत्नी चवीने पाहिली जाते.

या विषयावर पक्षाच्या साप्ताहिकात लिहिण्याचे प्रयोजन काय, असे काही साथी विचारतील. माझ्या पिढीतील साथींचे म्हणणे ठरलेले आहे: ही भांडवली करमणूक आहे, तिच्याकडे पाठ फिरवावी, आपला वेळ संघटनेला द्यावा. तरुण साथींचे म्हणणे वेगळे. स्त्रीला केवळ सोशिक आणि सात्त्विक रंगविण्याचे दिवस संपले, तिलाही कपटी, हिशेबी, सूडबुद्धीची असण्याचा हक्क आहे, आणि या कथा तो हक्क बजावतात, असे ते म्हणतात. पहिल्या भूमिकेत आळस आहे. दुसरीत भाबडेपणा आहे. करमणुकीकडे पाठ फिरविल्याने ती थांबत नाही, हे आपण चाळीस-पन्नास वर्षे अनुभवीत आलो आहोत. आणि कथेतील स्त्री कपटी असल्याने गावातील कोणत्या स्त्रीचा कोणता हक्क वाढला, याचे उत्तर तरुण साथींनी मला अद्याप दिलेले नाही.

माझा आक्षेप या कथांच्या नीतिमत्तेवर नाही. त्या विचारतात त्या प्रश्नावर आहे. ‘बायको खरे बोलते आहे की खोटे?’ हा एकच प्रश्न तीनशे पाने पुरवून वापरला जातो. वाचकाला न्यायाधीशाच्या आसनावर बसविले जाते आणि एका स्त्रीच्या मनाची झडती घ्यायला लावले जाते. घर कोणाच्या नावावर होते, खाते कोण चालवीत होता, तिच्या नाहीसे होण्याने कोणाची मिळकत वाढली, हे प्रश्न तळटीपेसारखे येतात आणि जातात.

गंमत अशी की, मूळ कादंबरीत हे अर्थकारण शाबूत आहे. ते जोडपे न्यूयॉर्कमध्ये लिहिण्याच्या नोकऱ्या करणारे. मंदी येते, दोघांच्याही नोकऱ्या जातात. ते मिसुरी राज्यातील पतीच्या गावी राहायला जातात, आणि तेथे पती जे मद्यालय काढतो ते पत्नीच्या पैशांतून. संसार विटला त्याचे मूळ या व्यवहारात आहे. लेखिकेने ते लिहिले. चर्चा मात्र झाली ती पत्नीच्या विकृत मनाची. मंदी कोणाला आठवली नाही! अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेल्यामुळे मला ते खटकले असेल, हेही मान्य.

परंतु आपल्याला मिसुरीपर्यंत जाण्याचे कारण नाही. याहून विलक्षण प्रकरण पुण्याच्या शुक्रवार पेठेत घडलेले आहे, आणि ते कादंबरीत नसून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे.

लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवा. पतीच्या पश्चात मिळकत, रोखे, बँकेतील ठेवी त्यांच्या हाती आलेल्या. मधुमेहाने प्रकृती खालावलेली. घरातील विश्वासाचा माणूस म्हणजे डॉक्टर अनंत चिंतामण लागू. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री लक्ष्मीबाई या डॉक्टरांबरोबर मुंबईच्या गाडीत बसल्या. तेथील एका तज्ज्ञाला प्रकृती दाखवायची होती. पहाटे गाडी बोरीबंदरला पोचली तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल करण्यात आले, पण लक्ष्मीबाई म्हणून नव्हे, इंदुमती या खोट्या नावाने. दुपार होण्यापूर्वी त्यांचा मृत्यू झाला. इंदुमती नावाच्या बाईला कोणी नातेवाईक नसल्यामुळे प्रेत बेवारस ठरले.

लक्ष्मीबाई मेल्या, पण त्यांची पत्रे येऊ लागली. आपण तीर्थयात्रेला निघालो आहोत. आपण जोशी नावाच्या गृहस्थांशी विवाह केला आहे. जयपूरजवळ राठोडी येथे आपण सुखाने राहत आहोत. आपला शोध कोणी घेऊ नये. अशा आशयाची पत्रे नातलगांना आणि परिचितांना पोचली, आणि दुसरीकडे बनावट कागदांच्या व सह्यांच्या आधारे त्यांची मालमत्ता डॉक्टरांच्या हाती सरकत राहिली. संशय बळावून तक्रार पोलिसांपर्यंत जायला १९५७ साल सरत आले. १९५८ मध्ये डॉक्टरांना अटक झाली. शवचिकित्सेत विष सापडलेले नव्हते. तरीही परिस्थितीजन्य पुराव्यावरून खुनाचा गुन्हा शाबीत झाला, देहान्ताची शिक्षा झाली, आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बहुमताने कायम केली. विष न सापडताही विषप्रयोग सिद्ध होऊ शकतो, या मुद्द्यावर तो निकाल आजही वकिलांच्या तोंडी असतो.

वकिलांना त्यात पुराव्याचा कायदा दिसतो. मला त्यात महाराष्ट्र दिसतो. खुनी माणसाने काय ताडले होते पाहा. एक बाई वर्षभराहून अधिक काळ दिसत नाही. तिला नातलग आहेत, परिचित आहेत, पेठेसारख्या दाट वस्तीत घर आहे. तरी कोणी तिला शोधू नये, यासाठी काय करावे लागेल? फक्त एवढेच लिहावे लागेल की, ती यात्रेला गेली आणि तिने दुसरे लग्न केले. तीर्थयात्रेला गेलेल्या विधवेला ‘कोठे’ म्हणून कोणी विचारीत नाही. आमच्या पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीच्या दर्शनाला येणाऱ्या एकट्या वृद्धांना ‘घरी कोणास ठाऊक आहे का’ असे कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. आणि लग्न केलेल्या विधवेबद्दल तर विचारायचेच नसते. लाजेने सारे गप्प बसतात. ही लाज डॉक्टरांनी हेरली, आणि तिचा अफूसारखा उपयोग केला.

आता सालांकडे लक्ष द्या. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. म्हणजे ही पत्रे लिहिली गेली तेव्हा त्या कायद्याला शंभर वर्षे पुरी झाली होती. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ रोजी अंमलात आला आणि स्त्रीच्या ताब्यातील मिळकतीवर तिची मर्यादित नव्हे, तर पूर्ण मालकी असेल असे त्याने जाहीर केले. त्यानंतर पाच महिन्यांत लक्ष्मीबाई त्या गाडीत बसल्या. याच पुण्यात महर्षी धोंडो केशव कर्वे हयात होते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडच्या या माणसाने १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला म्हणून गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता; १९५८ मध्ये, म्हणजे डॉक्टरांना अटक झाली त्याच वर्षी, देशाने त्यांना भारतरत्न दिले. सन्मान झाला, कायदा झाला, शताब्दी झाली. आणि एवढे झाल्यावरही शिकल्यासवरलेल्या शहरात विधवेच्या पुनर्विवाहाची खोटी बातमी हे खून लपविण्याचे उत्तम साधन ठरू शकले.

या प्रकरणानंतर पाच वर्षांनी, १९६४ मध्ये, राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ प्रदर्शित झाला. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून तो काढलेला; नायक चिपळूणचे काशिनाथ घाणेकर, नायिका भावना. दोन वर्षांत राज खोसला यांनी त्यावरून ‘मेरा साया’ काढला, म्हणजे हरवलेल्या पत्नीची कथा हिंदीवाल्यांना पुरविण्याचा मान मराठीकडे जातो. कथा सर्वांना ठाऊक आहे. नायक कायदेपंडित. त्याच्या पत्नीचा त्याच्या डोळ्यांदेखत मृत्यू झालेला. पुढे पोलिसांच्या हाती एक स्त्री लागते आणि ती म्हणते, मीच तुमची पत्नी. ती संसारातील खाजगी गोष्टी सांगते, तिसऱ्या कोणाला माहीत असणे शक्य नाही अशा. तरी नायक तिच्यावर विश्वास ठेवीत नाही. शेवटी उलगडते की, खरी पत्नी हीच. मेली ती तिची हुबेहूब बहीण. (साठ वर्षांनी रहस्य फोडल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.)

‘पाठलाग’ हा चांगला चित्रपट आहे, हे मी वादासाठीही नाकारणार नाही. पण तो आणि लक्ष्मीबाईंचे प्रकरण शेजारी ठेवून पाहा. चित्रपटात जिवंत स्त्री न्यायासनापुढे उभी राहून स्वतःच्या तोंडाने सांगते की, मी आहे; आणि ते कोणी मानीत नाही. प्रत्यक्षात मेलेल्या स्त्रीच्या नावाने दुसराच कोणी कागदावर लिहितो की, मी आहे. आणि ते सारे मानतात. स्त्रीच्या तोंडच्या शब्दापेक्षा तिच्या नावावरचा कागद खरा, आणि तो कागद लिहिणारा हात पुरुषाचा. रहस्य एवढेच आहे. त्याला मानसशास्त्राची गरज लागत नाही.

पती परत आल्याचे सोंग घेतले की काय होते, तेही आपल्याच जिल्ह्याने पाहिलेले आहे. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ नाहीसे झाले. पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या सवाष्ण म्हणूनच राहिल्या. मध्यंतरी सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून पुढे आला. त्याला पकडून रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवले होते. १७७६ मध्ये तेथील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्याला बाहेर काढले, त्याच्या नावाने हजारोंची फौज जमली, कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले त्याने घेतले, आणि त्याच वर्षी पकडला जाऊन पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ लिहिले ते याच्यावर. परांजप्यांना आणि त्या हजारोंना तोतया खराच भाऊ वाटला होता का? वाटला असेल किंवा नसेल. पेशव्यांच्या घरात फूट पडलेली असताना असा भाऊ अनेकांच्या सोयीचा होता. हरवलेला पुरुष म्हणून जो उभा राहतो त्याला किल्ला आणि फौज मिळते. हरवलेली स्त्री म्हणून जी उभी राहते तिला आरोपीचा पिंजरा मिळतो.

तरुण साथी यावर म्हणतील की, ही जुनी उदाहरणे झाली; आता स्त्रिया स्वतः लिहितात, स्वतःचा पुरावा स्वतः मागे ठेवतात. ठेवतात, खरे आहे. मंजुश्री सारडा या तरुणीनेही ठेवला होता. पुण्यात जून १९८२ मध्ये, लग्नाला चार महिने झालेले असताना, तिचा विषाने मृत्यू झाला. बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांतून तिने सासरची घुसमट सांगितली होती. खालच्या न्यायालयांनी पतीला दोषी धरले. १७ जुलै १९८४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती पत्रे पुरावा म्हणून ग्राह्य मानली. पण त्याच पत्रांवरून ती फार हळव्या आणि खचलेल्या मनाची होती, तेव्हा आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, असा विचार करून पतीची निर्दोष मुक्तता केली. परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वे याच निकालात सांगितली गेली. न्यायालयाने त्यांना पंचशील म्हटले आहे.

या मुक्ततेविरुद्ध मी एक अक्षरही लिहिणार नाही. संशयाचा फायदा आरोपीला मिळालाच पाहिजे, हे आणीबाणीत चौकशीवाचून तुरुंग पाहिलेल्या पक्षाला कोणी शिकवायला नको. माझे म्हणणे पत्रांपुरते आहे. बनावट पत्रे येतात तेव्हा समाज त्यांतून लिहिणारीच्या मनाची परीक्षा घेत नाही, त्यांतला मजकूर सरळ मानतो. खरी पत्रे येतात तेव्हा मजकूर बाजूला राहतो आणि लिहिणारीच्या मनाची परीक्षा सुरू होते. आज जी ‘मानसशास्त्रीय’ थरारकथा विकली जाते तिचा पाया या सवयीत आहे. ती सवय न्यायालयात असते, पोलीस चौकीत असते, सासरच्या ओटीवर असते. कथा फक्त तिला रंगीत वेष्टन देते.

आणि आता आमच्या गावाकडे येऊ. रत्नागिरी जिल्ह्यात हरवण्याचा क्रम उलटा आहे. २०११ च्या जनगणनेत येथे हजार पुरुषांमागे ११२० हून अधिक स्त्रिया होत्या. काही वर्तमानपत्रांना यात स्त्रीसन्मान दिसला! सन्मानाचा प्रश्न नव्हे. पुरुष मुंबईला असतात. २००१ ते २०११ या दशकात तर जिल्ह्याची एकूण लोकसंख्याच सुमारे १७ लाखांवरून सुमारे १६ लाखांवर आली. गेली शंभर-सव्वाशे वर्षे कोकणचा संसार मनिऑर्डरीवर चालला. गिरणीतला मजूर तेथे खानावळीत जेवला, बाईने येथे भातशेती केली, सासू-सासऱ्यांना सांभाळले, आंब्याच्या पेट्या भरल्या, काजू फोडले. मुंबईच्या भांडवलाला मजूर स्वस्त पडला, कारण त्याच्या बायकोमुलांचा आणि म्हातारपणाचा खर्च गावातील शेती उचलीत होती. हे सूत्र मी वर्गात फळ्यावर लिहून शिकविले आहे. ते ओळखायचे असेल तर पावस ते पूर्णगड या पट्ट्यातील कोणत्याही वाडीत जावे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो संप कधी मागे घेतला गेला नाही. तो विरून गेला, आणि त्याबरोबर काही माणसेही विरून गेली. कोणी कर्जाला तोंड दाखवेना म्हणून, कोणी मुंबईच्या उपनगरात दुसरे घर केले म्हणून, कोणी कशाने ते कळलेच नाही म्हणून. मनिऑर्डर थांबली, मग पत्र थांबले, मग गणपतीला येणे थांबले. या बेपत्ता पतींवर कोणी थरारकथा लिहीत नाही. त्यात कलाटणी नाही ना!

कलाटणी कायद्यात आहे. जो माणूस सात वर्षे त्याच्या जवळच्यांना हयात असल्याचे कळलेले नाही, तो हयात आहे असे म्हणणाऱ्यावर ते सिद्ध करण्याची जबाबदारी पडते. १८७२ च्या पुरावा कायद्यातील ही तरतूद २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तशीच ठेवलेली आहे. ऐकायला हे सोपे वाटते. पण सात वर्षांनी माणूस मृत मानला जातो, तो कधी मेला हे मानले जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. आता पाहा. सासरा वारला. मुलगा सासऱ्याआधी मेला असेल तर त्याची विधवा ही सासऱ्याच्या मिळकतीत पहिल्या वर्गाची वारस. मुलगा हयात असेल तर वारस तो, त्याची बायको नव्हे. आणि मुलगा बेपत्ता असेल तर? तर ती विधवा नाही म्हणून वारस नाही, आणि पती समोर नाही म्हणून त्याच्यातर्फे मागणारा कोणी नाही. वीस वर्षे जिने ती जमीन कसली ती फेरफाराच्या वहीत कोणीच नसते. दीर आणि पुतणे आपापली नावे लावून घेतात. फारच झाले तर तिचे नाव सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात जाते. त्या रकान्यात बँकेचा बोजा लिहितात, विहिरीतील पाण्याचा हिस्सा लिहितात, आणि बायका लिहितात. मासेमारीला गेलेली होडी परतली नाही आणि प्रेत हाती लागले नाही, तर नौकेवरच्या खलाशाच्या बायकोचीही गत याहून निराळी होत नाही.

पोटगी मागावी म्हटले तर नोटीस बजावायला पत्ता लागतो. पूर्वी फौजदारी कायद्यात पोटगीला महिना पाचशे रुपयांची मर्यादा होती. ती २००१ मध्ये निघाली, हे चांगले झाले. पण जो सापडत नाही त्याच्याकडून पाचशे काय आणि पाच हजार काय.

येथे आपल्या पक्षाशीही चार शब्द बोलले पाहिजेत. स्त्रियांच्या प्रश्नावर समाजवाद्यांचा वारसा हलका नाही. प्रमिला दंडवते यांनी १९८० मध्ये लोकसभेत हुंड्याविरुद्ध खाजगी विधेयक मांडले. १९८३ मध्ये दंड विधानात विवाहितेच्या छळाचे कलम आले, त्यामागे रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांमध्ये मृणाल गोरे होत्या, आपल्या अनेक भगिनी होत्या. संगमनेरला समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला. सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकलेल्या बायकांना स्वतःच्या नावाची शिधापत्रिका मिळावी म्हणून लढे दिले. त्या मागणीला तेव्हा हसणारे पुष्कळ होते, काही आपल्यातलेही होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातील सर्वांत वडील स्त्रीला शिधापत्रिकेपुरते कुटुंबप्रमुख ठरविले, तेव्हा हसणारे गप्प झाले.

परंतु शिधापत्रिकेपुढे आपण गेलो नाही. जमिनीच्या मालकीचा विषय आला की आमचे शाखाध्यक्ष ‘घरात भांडणे लागतील’ म्हणतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सा दिला. त्यानंतर आमच्या तालुक्यात सर्वाधिक वेगाने काही वाढले असेल तर बहिणींची हक्कसोडपत्रे. भाऊ मुहूर्त काढावा तसा दिवस काढतो, बहिणीला साडी घेतो, आणि निबंधकाच्या कार्यालयात नेऊन सही घेतो. त्या रांगेत आपल्या पक्षाचे भाऊ मी पाहिले आहेत. देशातील शेतजमिनीच्या एकूण वहिवाटदारांत स्त्रिया २०१५-१६ च्या कृषिगणनेत सुमारे १४ टक्के होत्या, आणि शेतावर राबणाऱ्यांत त्या किती हे ज्याला त्याला बांधावर उभे राहून मोजता येईल. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेशी आपले आर्थिक धोरणावर कधीच पटले नाही, पटण्यासारखे नव्हतेही. परंतु लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत त्यांनी शेतकऱ्यांना बायकोच्या नावाने जमीन लिहून द्यायला लावली, आणि हजारोंनी ती दिली. खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता हे करून दाखवितो आणि समाजवादी कार्यकर्ता घरातील भांडणाला भितो, याचा आपल्याला संकोच वाटायला हवा.

माझ्या पिढीतील साथी म्हणतील, विषय थरारकथेचा होता, मास्तर सातबाऱ्यावर गेले. गेलो, कारण कथा जेथे थांबते तेथून सातबारा सुरू होतो. लक्ष्मीबाईंच्या नावे मिळकत होती म्हणून निदान त्यांचा खून झाल्याचे कधीतरी उघडकीला आले. मिळकतीचे कागद हलले, आणि त्या कागदांच्या मागाने पोलीस पोचले. जिच्या नावावर काहीच नाही ती नाहीशी झाली तर कोणता कागद हलणार? तिच्याबद्दल ‘निघून गेली’ एवढे दोन शब्द पुरतात. थरारकथा वाचणारा समाज या दोन शब्दांवर फार लवकर विश्वास ठेवतो. बायका निघून जातात, डाव रचतात, खोटे बोलतात, हे त्याला पानोपानी सांगितलेले असते.

म्हणून तरुण साथींनी त्या कथा खुशाल पाहाव्यात. मी स्वतः पाहतो. पहिल्या अर्ध्या तासात कोणाच्या नावे विमा आहे ते शोधतो आणि बहुधा गुन्हेगार सापडतो. पण त्यांच्यावर शाखेत चर्चा ठेवणार असाल तर स्त्रीच्या मनाच्या अंधाऱ्या कोपऱ्यांवर व्याख्यान ठेवू नका. पडद्यावरचे ते घर आपल्या तालुक्यात असते तर त्याचा आठ-अचा उतारा कोणाच्या नावाचा निघाला असता, एवढे विचारा आणि मग आपापल्या घराचे उतारे काढून आणायला सांगा.

दुसरी गोष्ट गावपातळीवर लगेच करण्यासारखी आहे. कोणाचा मृत्यू झाला की वारसाचा फेरफार नोंदला जातो, त्याची नोटीस चावडीवर लागते आणि हरकतीला साधारण पंधरा दिवस मिळतात. जिचा पती बेपत्ता आहे तिला ती नोटीस कोणी वाचून दाखवीत नाही. पुष्कळदा ती लागल्याचेही तिला कळत नाही. पावस, गोळप, गावखडी, पूर्णगड या गावांपुरती तरी आपल्या शाखांनी पती बेपत्ता असलेल्या, टाकून दिलेल्या आणि विधवा स्त्रियांची यादी पावसाळ्यापूर्वी तयार करावी, आणि दर सोमवारी एका कार्यकर्त्याने चावडीवर जाऊन फेरफाराच्या नोटिसा त्या यादीशी ताडून पाहाव्यात. हरकतीच्या अर्जाचा मसुदा रत्नागिरीतील आपले वकील साथी विनामूल्य करून देण्यास तयार आहेत.